त्रिकोणाची परिमिती: एका बेरजेची पार्श्वभूमी

त्रिकोणाच्या तीन बाजू मिळवल्या की परिमिती मिळते. बाजू १३, १४ आणि १५ असतील तर परिमिती ४२. करायला एवढं सोपं, पण या ४२ वरून त्रिकोणाबद्दल नेमकं काय कळतं, हे उलगडायला फार काळ गेला.

जमिनीच्या कडेनं चालत जाऊन परिमिती मोजता येते, क्षेत्रफळ तसं मोजता येत नाही. त्यामुळे परिमिती जास्त म्हणजे जमीन जास्त, असा समज सहज रुजला. पाचव्या शतकातला ग्रीक भाष्यकार प्रोक्लस तर सांगतो की वाटणी करताना काही जण दुसऱ्याला जास्त परिमितीचा पण कमी क्षेत्रफळाचा तुकडा देत आणि वर प्रामाणिक म्हणून मिरवत. आपला ४२ चाच आकडा घ्या. बाजू २०, २० आणि २ केल्या तरी परिमिती ४२ च राहते, क्षेत्रफळ मात्र जेमतेम २०. तिन्ही बाजू १४ केल्या तर ते ८५ च्या जवळ जातं. समान परिमितीच्या, तितक्याच बाजू असलेल्या आकृत्यांत सुसम (सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या) आकृतीचंच क्षेत्रफळ सर्वांत जास्त असतं, हे झेनोडोरस या ग्रीक गणितीनं प्रोक्लसच्या कितीतरी आधी दाखवलं होतं.

तीन बाजू ठाऊक असतील तर मात्र परिमितीचा निम्मा भाग क्षेत्रफळापर्यंत नेतो, आणि मला या इतिहासातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. ४२ चे निम्मे २१. त्यातून एकेक बाजू वजा केली की ८, ७ आणि ६ उरतात. २१ × ८ × ७ × ६ = ७०५६, त्याचं वर्गमूळ ८४, तेच क्षेत्रफळ. उंची काढायची गरजच नाही. हे सूत्र अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक गणितीच्या नावानं शिकवलं जातं. मध्ययुगीन विद्वान अल्-बिरूनीनं मात्र त्याचं श्रेय हेरॉनच्या आधीच्या आर्किमिडीजला दिलं आहे. हेरॉनच्या ज्या ‘मेट्रिका’ ग्रंथात त्याची सिद्धता आहे, त्याचं हस्तलिखित १८९६ मध्ये इस्तंबूलला सापडलं. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं हीच रीत चौकोनालाही लावली, पण ती अचूक ठरते ती ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत अशा चौकोनासाठी.

कोणत्याही तीन संख्यांची बेरीज होते, पण तेवढ्यानं त्रिकोण होत नाही. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते, हे युक्लिडनं सिद्ध केलं होतं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ३, ६ आणि ९ बाजूंच्या त्रिकोणाला सरळ ‘अक्षेत्र’, म्हणजे आकृतीच नव्हे, असं म्हटलं, आणि पटत नसेल तर त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवायला सांगितलं. इथं परिमिती १८ येते, निम्मे ९, आणि त्यातून ९ वजा केले की शून्य. म्हणजे सूत्रही क्षेत्रफळ शून्यच देतं.