सीपीयू २५ टक्के म्हणजे नेमकं काय?

पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पीएस-युटिल ही लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, ओळखीची असते. २००९ सालापासून ती आहे, आणि मशीनचा सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांची खबरबात काढायची असली की बहुतेक जण तिच्याकडेच जातात. तिच्यातलं 'सीपीयू-परसेंट' हे, सीपीयू किती टक्के कामात आहे ते सांगणारं फंक्शन मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा उत्तर आलं ०.०. लॅपटॉपचा पंखा घरघरतोय, मांडीला चटके बसतायत आणि हे म्हणतंय शून्य! लायब्ररीत बग सापडला म्हणून मी खूश झालो. मग माहितीपुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्या वेळचं उत्तर निरर्थक असतं, ते सोडून द्या.

निरर्थक का, हे घरच्या वीजमीटरवरून चटकन कळतं. मीटरवर ४३१२ युनिट दिसले म्हणून या महिन्यात किती वीज जळली ते सांगता येत नाही. त्यासाठी मागचं रीडिंग हवं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोही सीपीयूसाठी असेच मीटर चालवतो. '/प्रॉक/स्टॅट' या फाइलची पहिली ओळ वाचली तर दहा आकडे मिळतात: साध्या प्रोग्रॅममध्ये गेलेला वेळ, कर्नलच्या स्वतःच्या कामात गेलेला, निवांत बसून गेलेला, डिस्कची वाट बघत गेलेला, वगैरे. सगळे मशीन सुरू झाल्यापासूनचे, आणि बहुतेक मशीनवर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेले. ही फाइल डिस्कवर नसतेच. तिचा आकार विचारला तर शून्य बाइट येतो. कुणी वाचायला गेलं की कर्नल तेवढ्यापुरता मजकूर तयार करून देतो.

टक्केवारी मात्र त्यात कुठेच नाही. ती फंक्शन काढतं, वजाबाकी करून. समजा चार कोअरचं, म्हणजे सीपीयूत एकाच वेळी काम करणारे चार भाग असलेलं मशीन आहे आणि एका सेकंदाच्या अंतराने दोन रीडिंग घेतली. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे एक टिचकी धरली, तर चारही कोअर मिळून एकूण ४०० टिचक्या वाढणार. त्यातल्या ३०० 'निवांत' या खात्यात पडल्या असतील तर उरलेल्या १०० कामाच्या, म्हणजे २५ टक्के. पहिल्या वेळी वजा करायला मागचं रीडिंगच नसतं, म्हणून ०.०. फंक्शनला मारलेल्या दोन हाकांमध्ये निदान ०.१ सेकंद जाऊ द्या असंही माहितीपुस्तक सांगतं. शंभराव्या भागाच्या मोजपट्टीवर त्याहून बारीक काही मापायला गेलं तर हाती कोअरमागे आठ-दहा टिचक्याच लागतात.

या २५ टक्क्यांवरून लोकांचे गमतीशीर वाद होतात. एकच प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एक प्रोग्रॅम, एका कोअरला पूर्ण जुंपून बसली आणि बाकीचे तीन रिकामे, तरी मशीनचा आकडा २५ येतो. त्याच प्रोसेसला वेगळं विचारलं तर पीएस-युटिल १०० सांगतं, आणि ती प्रोसेस अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांवर पळत असेल तर ३०० सुद्धा. विंडोजचा टास्क मॅनेजर हेच सगळ्या कोअरनी भागून दाखवतो. कुणीच खोटं बोलत नाही, भागाकार वेगळा आहे. प्रोग्रॅम हळू का, म्हणून कुणी फक्त मशीनचा आकडा बघून "सीपीयू तर मोकळा आहे" म्हणालं, की समजावं गडबड होणार.

मेमरीचं दुखणं त्यापेक्षा जुनं. 'फ्री' मेमरी जवळपास संपली म्हणून घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करणारे अजून भेटतात. वास्तविक लिनक्स मेमरी रिकामी पडू देत नाही, डिस्कवरून वाचलेल्या फाइली तिथे ठेवून देतो आणि गरज पडली की काढून टाकतो. पण 'कॅश' नावाच्या या साठ्यातलं सगळंच काढता येतं असं नाही. म्हणून 'फ्री'मध्ये 'कॅश' मिळवायचा आणि उत्तर द्यायचं, ही जुनी युक्तीही चुकायची. अखेर २०१४ मध्ये, कर्नलच्या ३.१४ आवृत्तीत, 'उपलब्ध' मेमरीचा अंदाज कर्नल स्वतःच द्यायला लागला. लायब्ररीत 'अव्हेलेबल' दिसतं ते हेच. बघायचं तर ते बघावं.

लोड ॲव्हरेजची, म्हणजे मशीनवर किती कामांची रांग आहे ते सांगणाऱ्या आकड्याची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. सी भाषेत 'गेटलोडॲव्हरेज' अशा अर्थाचं एक छोटं फंक्शन आहे. ते तीन आकडे देतं: १, ५ आणि १५ मिनिटांचे. नावात सरासरी असली तरी साधी सरासरी नव्हे. कर्नल दर पाच सेकंदांनी रांगेतल्या प्रोसेस मोजतो, जुन्या आकड्याला थोडं विसरतो आणि नवा त्यात मिसळतो. निवांत मशीनवर एकच प्रोसेस अखंड पळवली तर मिनिटभराने 'एक मिनिटाचा' आकडा १ होत नाही, ०.६३ च्या आसपास असतो. मागच्या शांततेचा अंश अजून त्यात शिल्लक असतो.

आणि ही रांग नेमकी कुणाची? बऱ्याच युनिक्समध्ये सीपीयूवर चालू असलेल्या आणि त्यासाठी थांबलेल्या प्रोसेसची. लिनक्समध्ये डिस्कसाठी अडकून पडलेल्याही तिच्यात धरतात. हा बदल १९९३ मध्ये माथियास उर्लिख्स यांनी सुचवला. त्यांचं म्हणणं असं, की स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडली की तिच्यातला मजकूर तात्पुरता ठेवायची वेगवान डिस्क काढून मंद डिस्क लावली तर मशीन रखडतं आणि लोडचा आकडा उलट खाली येतो, कारण सगळे डिस्कच्या दारात बसलेले असतात आणि त्यांना कुणी मोजतच नाही. मुद्दा बिनतोड होता. पण त्यामुळे आज लोड ८ दिसला तर सीपीयू कमी पडतोय की डिस्क, ते त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मशीनच्या वेगाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये जुन्या ईमेल उपसून हा इतिहास शोधून काढला, तोवर भल्याभल्यांना त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं.

सीपीयू कमी पडतोय की डिस्क, या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं पुढच्याच वर्षी मिळाली. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० कर्नलमध्ये '/प्रॉक/प्रेशर' ही जागा तयार झाली. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्या स्वतंत्र फाइली आहेत, आणि त्या त्या गोष्टीच्या टंचाईमुळे किती टक्के वेळ कामं खोळंबली ते १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत लिहिलेलं असतं. टक्केवारी इथे आयती मिळते. तरी प्रत्येक ओळीच्या शेवटी 'टोटल' म्हणून एक लांबलचक आकडा ठेवलाय, आतापर्यंत एकूण किती मायक्रोसेकंद खोळंबा झाला याचा. दहा सेकंद फार वाटत असतील तर तो दोनदा वाचायचा आणि वजाबाकी आपली आपण करायची.