वाटी रिकामी झालेली मामांना कळते कशी?

कोल्हापुरात मटण थाळीला बसलं की पहिली भाकरी संपायच्या आत तांबड्याची वाटी तळ गाठते. हाक मारायला मान वर करावी, तर वाढपी मामा ओगराळं घेऊन हजर. 'तांबडा का पांढरा?' एवढंच विचारतात, वाटी भरतात, पुढच्या टेबलाकडं सरकतात. परवा एका नव्या एसी हॉटेलात गेलो होतो. तिथला पोरगा नेमका तोंडात घास असताना विचारायचा, 'सर, टेस्ट कशी आहे?' चौथ्यांदा मी नुसता अंगठा दाखवला, तोही रश्श्यानं माखलेला.

मामांची करामत डोळ्यांत आहे. आपल्याला आडवं साधारण १८० अंशांपर्यंतचं दिसतं, पण बारकावे दिसतात ते मधल्या जेमतेम २ अंशांत. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढीच जागा. बाकीचं सगळं धूसर. मात्र त्या धूसर भागाला हालचाल चटकन कळते. त्यामुळं वर झालेला हात किंवा वेटरला शोधणारी मान कडेनंसुद्धा जाणवते. रिकामी वाटी मात्र हलत नाही. तिच्यावर नजर नेऊनच टाकावी लागते. म्हणून मामा एका जागी उभे राहत नाहीत, आणि म्हणूनच मोबाइलात डोकं घातलेल्या वेटरला समोरची वाटीही दिसत नाही.

बोलण्याचं काय? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेट्रेसनं गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हटली की टिप वाढायची. २००२ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात बिलासोबत एक चॉकलेट देऊन, जाता जाता वळून दुसरंही दिलं. टिप बिलाच्या सुमारे १९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेली. पण या प्रयोगांत मोजली ती टिप. माणूस भिडेखातरही चार पैसे जास्त ठेवतो की! आमच्या खानावळीत टिप म्हणजे बडीशेपेच्या बशीत राहिलेली चिल्लर, त्यावरून मामांची परीक्षा कशी करणार? तेही ऑर्डर परत म्हणतातच, 'दोन मटण, एक अंडाकरी!', फक्त आचाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

एकदा मामांच्या खानावळीत शेजारच्या टेबलावर पुण्याचे पाहुणे होते. कपाळावर घाम, नाकाला रुमाल, पाण्याचे पेल्यावर पेले. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींनाच चेतवतं, म्हणून मेंदूला खरोखर भाजल्यासारखं वाटतं. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळं पाण्यानं आग तात्पुरतीच शमते. दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून ठेवतं. मामांनी 'तिखट लागलं का?' असं विचारलंच नाही. जाता जाता दही-कांद्याची वाटी पाहुण्यांच्या पुढ्यात सरकवली आणि पाण्याचा जग उचलून घेऊन गेले.