खूण करणारा वेगळा, पोतं हलवणारा वेगळा

एमएस्सीच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी हे वाक्य भेटतंच: 'हिस्टोनचं ॲसिटायलेशन म्हणजेच क्रोमॅटिन रिमॉडेलिंग.' हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, आणि ही सगळी गुंडाळी म्हणजे क्रोमॅटिन. ॲसिटायलेशन आणि रिमॉडेलिंग ही त्यावरची दोन वेगळी कामं आहेत, म्हणून त्या 'म्हणजेच'भोवती लाल गोल काढून माझा हात दुखायला लागलाय.

ॲसिटायलेशन तुम्हाला येतं, त्यामुळे भरभर. जीसीएन५ हे एन्झाइम हिस्टोनच्या शेपटीतल्या लायसीन या अमिनो आम्लावर ॲसिटाइल गट चिकटवतं, धनभार जातो, डीएनएवरची पकड जरा सैल होते. आरपीडी३ हे दुसरं एन्झाइम तो गट काढून टाकतं. झालं.

रिमॉडेलिंगमध्ये हिस्टोनवर काहीच चिकटत नाही. एसडब्ल्यूआय/एसएनएफ हे प्रथिनांचं संकुल, ज्याला प्रयोगशाळेत सगळे 'स्विच-स्निफ' म्हणतात, ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून डीएनए ओढतं. न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनएच्या १४७ बेस-जोड्या गुंडाळून बसलेला हिस्टोनचा गठ्ठा, त्यामुळे सरकतो, नाहीतर अख्खा उखडला जातो. बाजार समितीत पोत्यावर खडूने खूण करणारा एक असतो आणि पोतं पाठीवर घेणारा हमाल दुसरा, तसंच हे. फरक इतकाच की खडूने पोतं हलकं होत नाही, इथे ॲसिटाइलने पकड थोडी ढिली होते. घोळ नेमका तिथून सुरू होतो: पकड ढिली झाली म्हणजे न्यूक्लिओसोम आपोआप हलला, असं मुलं धरून चालतात.

बेकरीच्या यीस्टमधलं पीएचओ५ हे जनुक बघा. फॉस्फेट भरपूर असताना त्याच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक जिथून चालू होतं त्या डीएनएच्या तुकड्यावर, न्यूक्लिओसोम ठाण मांडून बसलेले असतात. फॉस्फेट संपलं की पीएचओ४ हे जनुक चालू करणारं प्रथिन येतं आणि त्यातले चार हटतात. आता जीसीएन५ काढून टाका. 'म्हणजेच'वाल्यांच्या हिशोबाने प्रमोटर बंदच राहायला हवा. प्रत्यक्षात तो उघडतो, फक्त उशिरा. खूण नसली तर काम रेंगाळतं, पण अडत नाही.

क्रमाचंही तेच. 'आधी ॲसिटायलेशन, मग रिमॉडेलिंग' हे पाठ केलेलं असतं. पण यीस्टचा मेटिंग टाइप (त्याचं 'लिंग' म्हणा) बदलणाऱ्या एचओ जनुकावर १९९९ साली दिसलं ते उलटं: एसडब्ल्यूआय५ या प्रथिनाने आधी स्विच-स्निफला आणलं, जीसीएन५वालं सागा संकुल त्याच्या मागून आलं. दुसरीकडे, स्विच-स्निफमधलं एटीपी खर्चणारं प्रथिन एसएनएफ२, त्यात ब्रोमोडोमेन नावाचा भाग आहे, तो ॲसिटाइल लागलेलं लायसीन ओळखून तिथे टिकून राहतो. म्हणजे हमालाला खूण वाचताही येते. क्रम जनुकागणिक बदलतो. एकच बाण काढून दोन मार्क मागू नका.

माझी दुसरी चीड: रिमॉडेलिंग म्हटलं की 'जनुक चालू'. यूएमई६ हे प्रथिन मियोसिसच्या (अर्धसूत्री विभाजनाच्या) सुरुवातीच्या जनुकांवर आरपीडी३ आणि आयएसडब्ल्यू२ हा दुसरा हमाल, दोघांनाही बोलावतं. एक खुणा पुसतं, दुसरं एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम सरकवतं, आणि दोघं मिळून जनुक दाबून ठेवतात. माझ्या मते हे उदाहरण पीएचओ५च्याही आधी शिकवायला हवं, कारण इथे दोन्ही कामं एकाच जागी, पण वेगवेगळ्या हातांनी चाललेली दिसतात.

बाकी किरकोळ. एसडब्ल्यूआय२ आणि एसएनएफ२ हे एकच जनुक आहे. मेटिंग टाइप आणि साखर अशा दोन वेगळ्या शोधांत सापडलं म्हणून नावं दोन. आणि बेकरीच्या यीस्टच्या उत्तरात डीएनए मिथायलेशन (खुद्द डीएनएवर मिथाइल गट चिकटवणं) कृपा करून लिहू नका. त्याच्याकडे ते नाहीच.