एसपी-१२००

एसपी-१२०० : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ई-मू सिस्टिम्स या कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेले सॅम्पलिंग ड्रम मशीन. बाहेरचा आवाज आत भरून घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि ते बटणांवर वाजवून ठेका बांधायचा, हे त्याचे काम. आवाज साठवायला सगळी मिळून जागा होती १० सेकंदांची. १९९० च्या आगेमागे न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचा जो भरड, दाणेदार आवाज घडला, तो बऱ्याच अंशी या तोकड्या जागेतून निघाला.

ड्रम मशीन म्हटले की दोन वेगळ्या जातींची यंत्रे एकाच नावाखाली येतात. पहिल्या जातीत खरा ड्रम कुठेच नसतो. विद्युतमंडलातून ड्रमसारखा भासणारा आवाज घडवलेला असतो. १९८० चे रोलंड टीआर-८०८ हे यातले सर्वांत नावाजलेले. मुंबईचे स्टुडिओ-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर बेतलेली जी डिस्को तबकडी काढली, तिच्यातला ठेका याच यंत्राचा. त्यामुळे ती तबकडी कितीही विलक्षण असली तरी एसपी-१२०० च्या कुळातली नव्हे. दुसऱ्या जातीत वादकाने खऱ्या ड्रमवर मारलेला ठोका मुद्रित करून चिपमध्ये साठवलेला असतो. गिटारवादक आणि यंत्ररचनाकार रॉजर लिन यांचे एलएम-१ (१९८०) हे या जातीचे पहिले यंत्र. किंमत ४,९९५ डॉलर, आणि नग निघाले जेमतेम पाचशेच्या आसपास. झांजेचा आवाज बराच वेळ घुमतो आणि तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून त्यात क्रॅश, म्हणजे जोराने वाजवायची मोठी झांज, ठेवलीच नव्हती. यंत्रात प्रत्येक ड्रमचा सूर वर-खाली करायची सोय होती. मिनियापोलिसचा गायक प्रिन्स याने तिचा असा उपयोग केला, की ठोका ड्रमचा की दारावरच्या थापेचा हे कळू नये.

एलएम-१ मध्ये कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवता येत. ई-मूचे १९८३ चे ड्रम्युलेटर स्वस्त होते, पण तेही तसेच. त्यानंतरच्या एसपी-१२ ने वापरणाऱ्याला स्वतःचे आवाज भरायची मुभा दिली, आणि एसपी-१२०० ने तयार आवाज काढूनच टाकले. यंत्र चालू केले की आत काही नसते. साडेतीन इंची फ्लॉपी घाला, नाहीतर स्वतः काहीतरी भरा. ई-मूच्या संस्थापकांपैकी एक असलेले डेव्ह रोसम यांनी हे यंत्र बनवले ते ड्रमचे सुटे ठोके साठवण्यासाठी. लोक त्यात जुन्या तबकड्यांचे तुकडे कोंबतील, हा हिशेब तेव्हा कोणाच्या डोक्यात असेल असे वाटत नाही.

रूप साधे आहे. राखाडी पेटी, आठ बटणे, त्यांच्या वर आठ सरकपट्ट्या आणि दोन ओळींचा लहानसा पडदा. तीच आठ बटणे आवाजांच्या चार गटांसाठी आळीपाळीने वापरून ३२ आवाज ठेवता येतात, त्यांतले आठ एका वेळी वाजतात. सरकपट्टीने कधी आवाजाची पातळी, कधी सूर बदलतो. आवाजाची नोंद सेकंदाला २६,०४० वेळा आणि १२ बिटांत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांत होते. सीडीवर हेच आकडे ४४,१०० आणि ६५,५३६ असे आहेत. कागदावर हा मामला गरीबच. मागच्या बाजूला आवाज बाहेर काढायच्या आठ वेगळ्या वाटा आहेत: पहिल्या दोनांवर हलता फिल्टर (आवाजातला चढा भाग गाळणारी चाळणी), मधल्या चारांवर स्थिर फिल्टर, शेवटच्या दोन उघड्या. त्यामुळे बेसचा तुकडा पहिल्या वाटेने काढला की त्याच्यावरची सगळी किणकिण गळून नुसता गाभा उरतो आणि हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी, शेवटच्या वाटेने चरचरीत बाहेर पडतो. दोन आवाज एकाच वाटेला लावले तर दुसरा वाजताच पहिला तुटतो. ही अडचण म्हणावी तर अडचण, पण तुकडे तोडून वाजवण्याची सारी ढब तिच्यातून आली.

खरी गंमत वेळेच्या टंचाईत आहे. १० सेकंद एकूण, आणि एका सॅम्पलला, म्हणजे भरलेल्या एका तुकड्याला, फार तर अडीच. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर चार ठोक्यांचे एक आवर्तन सुमारे २.६७ सेकंद घेते, म्हणजे ते एका सॅम्पलमध्ये मावतच नाही. मग वादक काय करतो? मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी टर्नटेबलवर ठेवतो आणि वेगाची कळ ४५ वर नेतो. ड्रम चिमण्यांसारखे चिवचिवायला लागतात, पण तेच आवर्तन आता दोन सेकंदांच्या आत बसते. भरून झाले की सरकपट्टी खाली ओढून सूर सुमारे पाच अर्धस्वर उतरवायचा, की ठेका मूळ लयीवर येतो. मात्र तो मूळचा राहत नाही. सूर उतरवताना यंत्र दोन नोंदींमधली जागा हिशेबाने भरून काढत नाही, जवळची नोंदच पुन्हा वाचते. त्यातून एक धातूसारखी किणकिण आणि बारीक वाळूसारखी खरखर येते. स्नेअर या चरचरीत आवाजाच्या ड्रमवर ती फारच शोभते. जागा वाचवायला केलेली ही युक्ती पुढे जागेची टंचाई संपल्यावरही लोक करत राहिले. आज संगणकात तासन्‌तास मुद्रण मावते, तरी हीच खरखर आणणारी सॉफ्टवेअर विकली जातात.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील अल्ट्रामॅग्नेटिक एमसीज या रॅप गटातील सेड जी यांनी आधीच्या एसपी-१२ वरच ड्रमचे तुकडे पाडायची रीत रुळवली होती. त्याच शहराच्या क्वीन्स भागातील ध्वनितंत्रज्ञ पॉल सी यांनी ती आणखी बारीक केली आणि लार्ज प्रोफेसर या तरुण मुलाला शिकवली. १९८९ मध्ये पॉल सी यांचा खून झाला. त्यांचा हात पुढे शिष्याच्या कामात ऐकू येतो. हे यंत्र पोथीपेक्षा माणसाकडून माणसाकडे शिकवले गेले, आपल्याकडच्या तालमीसारखे. पब्लिक एनिमी या रॅप गटाची गाणी घडवणाऱ्या बॉम्ब स्क्वॉड या चमूने त्याच्यावर आवाजांचे थर इतके चढवले की ठेक्यात भोंगे आणि किंकाळ्याही वाजू लागल्या. हिप-हॉप निर्माते पीट रॉक यांचा स्वभाव उलटा, ऊबदार. दिवंगत मित्राच्या आठवणीत त्यांनी १९९२ साली केलेल्या गाण्यातला टॉम स्कॉट यांच्या सॅक्सोफोनचा तुकडा या पेटीतून गेल्याने जसा काहीसा धुरकट झाला आहे, तसा तो मुळात नाही. हिप-हॉपबाहेर न्यूयॉर्कच्या टॉड टेरी यांनी हाउस या नाचाच्या संगीतात हे यंत्र वापरले.

या साऱ्यात ज्यांचा ठोका उचलला गेला त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. जेम्स ब्राउन यांच्या बँडमधील ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला ठेका जगात सर्वाधिक उचलल्या गेलेल्या ठेक्यांपैकी एक आहे. गाण्याचे हक्क त्यांच्याकडे नसल्याने त्याचे मानधन त्यांना मिळाले नाही. परवानगी न घेता सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्की यांच्या गाण्याविरुद्ध झालेल्या खटल्यात डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पल घेणे कंपन्यांना परवडेनासे झाले. एका गाण्यात वीस-वीस तुकडे जोडण्याचे दिवस त्यामुळे सरले. स्टबलफील्ड यांच्या हाती तरीही काही पडले नाही.

एसपी-१२०० ला तोड निघाली ती रॉजर लिन यांच्याकडूनच. त्यांनी अकाई कंपनीसाठी बनवलेल्या एमपीसी-६० (१९८८) मध्ये सोळा रबरी पॅड, सेकंदाला ४०,००० नोंदी आणि बोटाच्या जोराला दाद देणारी वादनाची पद्धत होती. पुढे डेट्रॉइटचे हिप-हॉप निर्माते जे डिला यांनी त्याच मालिकेतल्या एमपीसी-३००० वर ठोके मुद्दाम किंचित अलीकडे-पलीकडे ठेवून झुलता ठेका घडवला; त्यांचे ते यंत्र वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. एसपी-१२०० चे उत्पादन मधल्या खंडासह १९९८ पर्यंत चालले.

जुने नग आज नव्याच्या किमतीच्या कितीतरी पट भावाने जातात. फ्लॉपी मिळेनाशा झाल्याने अनेकांनी फ्लॉपीच्या जागी मेमरी कार्ड घेणारा खण बसवला आहे. २०२१ मध्ये रोसम यांच्याच नव्या कंपनीने हे यंत्र पुन्हा काढले. १२ बिट आणि सेकंदाला २६,०४० नोंदी, हे दोन आकडे त्यांनी बदलले नाहीत.