केसी-१३५ आणि बोइंग ७०७ यांच्या नात्यातला घोळ

हवेत इंधन भरणाऱ्या अमेरिकी केसी-१३५ विमानाचा विषय निघाला की ‘हे म्हणजे प्रवासी बोइंग ७०७चेच लष्करी रूप’ हे वाक्य हमखास कानावर पडते. दोन्ही विमानांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर त्यात वावगे काही वाटतही नाही. मागे झुकलेले पंख तसेच, पंखांखाली टांगलेली चार इंजिने तशीच आणि नाकाची ठेवणही तीच. तरीही ते वाक्य चुकीचे आहे. ७०७ हे केसी-१३५चे जनक नाही. दोन्ही विमाने एकाच नमुना-विमानापासून निघालेली भावंडे आहेत आणि त्यांतले टँकर वयाने थोरले आहे.

ते नमुना-विमान म्हणजे बोइंगचे ३६७-८०, ज्याला कंपनीत आणि बाहेरही ‘डॅश-८०’ म्हणत. कंपनीने स्वतःच्या खिशातले सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर घालून ते बांधले आणि १५ जुलै १९५४ रोजी ते पहिल्यांदा उडाले. ३६७ हा क्रमांक बोइंगच्या जुन्या पंख्याच्या मालवाहू विमानाचा होता. जुन्याच विमानात काही सुधारणा चालू आहेत असे प्रतिस्पर्ध्यांना वाटावे, म्हणून तो नव्या जेट विमानाला दिला गेला. त्या वेळी एकाही विमान कंपनीने बोइंगकडे जेट विमानाची मागणी नोंदवलेली नव्हती. अमेरिकी हवाई दलाची अडचण मात्र तातडीची होती. त्यांची बॉम्बफेकी विमाने जेट झाली होती आणि त्यांना हवेत इंधन पुरवणारी केसी-९७ विमाने अजून पंख्यांवर चालत होती. इंधन घेण्यासाठी वेगवान जेटला खाली उतरून, वेग कमी करून, धीम्या टँकरच्या चालीने उडावे लागे आणि पुन्हा वर चढताना नुकत्याच घेतलेल्या इंधनातला काही भाग खर्ची पडे. त्यामुळे डॅश-८०चे पहिले उड्डाण झाल्यावर महिन्याभरातच, ऑगस्ट १९५४मध्ये, हवाई दलाने २९ टँकरची मागणी नोंदवली. रीतसर स्पर्धेत पुढे लॉकहीडचा आराखडा सरस ठरला, पण तो कागदावरच राहिला. तोवरची सोय म्हणून घेतलेले बोइंगचे विमानच कायमचे झाले.

पुढच्या तारखा पाहिल्या की थोरले कोण, हे आपोआप ठरते. केसी-१३५चे पहिले उड्डाण ३१ ऑगस्ट १९५६ रोजी झाले आणि जून १९५७मध्ये ते हवाई दलाच्या सेवेत आले. ७०७ पहिल्यांदा उडाले २० डिसेंबर १९५७ रोजी, आणि पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने ते न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर आणले २६ ऑक्टोबर १९५८ रोजी. म्हणजे ज्या प्रवासी विमानापासून हा टँकर बनला असे म्हणतात, ते पहिल्यांदा आकाशात जाण्याआधीच टँकर कामाला लागलेला होता. इतकेच नव्हे, तर प्रवासी विमानाचे काम सोबतीने सुरू करण्यासाठी बोइंगला १९५५मध्ये हवाई दलाची परवानगी घ्यावी लागली होती.

दोघांतला खरा फरक धडाच्या रुंदीत आहे, आणि मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच वाटतो. डॅश-८०चे धड १३२ इंच, म्हणजे सुमारे ३.३५ मीटर रुंद होते. हवाई दलाने टँकरसाठी ते १४४ इंच, म्हणजे ३.६६ मीटर करून घेतले. बोइंगला प्रवासी विमानही त्याच मापाचे करता आले असते, तर साचे, सांगाडे आणि अवजारे सारे सामायिक राहून मोठा खर्च वाचला असता. परंतु डग्लस कंपनीने डीसी-८ हे अधिक रुंद विमान समोर ठेवले, ज्यात एका ओळीत सहा आसने ऐसपैस बसत होती. १३ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅन अ‍ॅमने डग्लसकडे २५ आणि बोइंगकडे २० विमाने मागितली, तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे स्पष्ट झाले. अखेर बोइंगने ७०७चे धड १४८ इंच, म्हणजे सुमारे ३.७६ मीटर केले, जे डीसी-८पेक्षा एक इंचाने जास्त होते. टँकर आणि प्रवासी विमान यांच्यातला हा फरक जेमतेम दहा सेंटिमीटरचा. डोळ्यांना तो दिसत नाही; कारखान्यात मात्र तेवढ्याने दोन वेगळी विमाने झाली, कारण धडाचा घेर बदलला की एकाचा सांगाडा दुसऱ्याच्या साच्यात बसत नाही.

धातूची निवडही निराळी होती. टँकरचे वजन कमी राहावे म्हणून त्याच्या पंखांच्या खालच्या पत्र्यासाठी अधिक ताकदीचा, पण वारंवार ताण पडल्यावर लवकर थकणारा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला. पुढे तो पत्रा काढून अधिक टिकाऊ मिश्रधातूचा बसवावा लागला. प्रवासी विमान रोज चढते-उतरते, दर फेरीला त्याच्या धडात हवेचा दाब भरतो आणि ओसरतो, आणि १९५४मधील ब्रिटिश कॉमेट विमानांच्या अपघातांनी या थकव्याची किंमत काय असते हे साऱ्या जगाला दाखवून दिलेले होते. त्यामुळे ७०७ची बांधणी पहिल्यापासून त्या हिशेबाने झाली. स्ट्रॅटेजिक एअर कमांड या हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे टँकर मात्र हुकमाची वाट पाहत तळावर बराच काळ उभे असत. त्यांच्या खात्यावर वर्षांच्या मानाने उड्डाणाचे तास कमी जमा झाले, आणि साठ वर्षे उलटल्यावरही ती विमाने उडत राहिली यामागे ते एक मोठे कारण आहे.

मग ७०७पासून खरोखर बनलेली लष्करी विमाने कोणती? पाठीवर रडारची फिरती तबकडी असलेले ई-३ सेंट्री हे त्यांतले सर्वांत ओळखीचे. त्याचा सांगाडा ७०७-३२०बी या लांब पल्ल्याच्या प्रवासी विमानाचा आहे; त्यावर सुमारे नऊ मीटर व्यासाची तबकडी चढवली आणि आत प्रवाशांच्या जागी रडारवर नजर ठेवणाऱ्यांची आसने मांडली. अशी ६८ विमाने बांधली गेली. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे व्हीसी-१३७सी, ज्यात २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या विमानतळावर लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेही ७०७च. अमेरिकी नौदलाचे ई-६ त्याच घराण्यातले, आणि जमिनीवरच्या हालचाली टिपणारे ई-८ तर चक्क वापरलेली जुनी ७०७ विकत घेऊन घडवले गेले. ७०७चे उत्पादन १९९१मध्ये थांबले, म्हणून त्यानंतर जपानला असेच विमान हवे झाले तेव्हा ती तबकडी ७६७च्या पाठीवर चढली.

दोन्ही कुळे ओळखायची कशी? खिडक्यांवर भिस्त ठेवणारे फसतात. केसी-१३५ला खिडक्यांची ओळ नाही हे खरे, पण ई-३लाही ती नाही. शेपटीखालची इंधन देणारी लांब दांडी, म्हणजे बूम, हीसुद्धा पक्की खूण नव्हे, कारण इस्रायलने जुन्या ७०७ना बूम जोडून त्यांचे टँकर केले. तशी विमाने खऱ्या अर्थाने ७०७ टँकर आहेत, केसी-१३५ नव्हेत. लांबी थोडी उपयोगी पडते: केसी-१३५ सुमारे ४१.५ मीटर लांब, तर ७०७-३२०बी सुमारे ४६.६ मीटर. सर्वांत भरवशाची खूण मात्र नावातल्या आकड्याची. अमेरिकी हवाई दलाने टँकरच्या कुळाला १३५ आणि ७०७च्या कुळाला १३७ हा क्रमांक दिला. त्यामुळे टेहळणीचे आरसी-१३५ टँकरचे सख्खे, तर व्हीसी-१३७ आणि ई-३चे पहिले नाव असलेले ईसी-१३७डी ही ७०७ची. बोइंगच्या स्वतःच्या वहीत केसी-१३५चा क्रमांक ७१७ होता, ७०७ नव्हता; तो क्रमांक १९९०च्या दशकात एका अगदी वेगळ्या, लहान प्रवासी विमानाला दिला गेल्यामुळे घोळात आणखी भर पडली.

या भावंडांत देवाणघेवाणही झाली, आणि गैरसमज टिकून राहण्यात तिचाही वाटा असावा. केसी-१३५ची मूळची इंजिने कर्कश आणि इंधन भरपूर पिणारी होती. भरल्या वजनाने उडताना जोर यावा म्हणून त्यांत पाणी फवारावे लागे. १९८०च्या दशकात विमान कंपन्यांनी जुनी ७०७ मोडीत काढायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकी हवाई दलाने ती विकत घेऊन त्यांची इंजिने आणि शेपटीचे आडवे पंख काढले आणि दीडशेहून अधिक टँकरना बसवले. तीच केसी-१३५ई. म्हणजे एकेकाळी प्रवाशांना अटलांटिकपार नेणारी इंजिने थोरल्या भावाच्या पंखांखाली आली. चारशेहून अधिक टँकरना त्याऐवजी नवी सीएफएम-५६ इंजिने मिळाली आणि ते केसी-१३५आर झाले.

मराठी वाचकाला यांतले ७०७ परके नाही. एअर इंडियाने १९६०मध्ये रोल्स-रॉइसच्या कॉनवे इंजिनांची ७०७ आणली, त्यांना हिमालयातल्या शिखरांची नावे दिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. सांताक्रूझच्या विमानतळावर ही विमाने पुढे अनेक वर्षे दिसत राहिली. ७०७चे १४८ इंचांचे मापही त्या विमानाबरोबर संपले नाही. बोइंगने तेच ७२७ला आणि नंतर ७३७ला दिले. भारतीय नौदलाचे पी-८आय हे पाणबुड्या हुडकणारे विमान ७३७-८००च्या धडावर, शस्त्रांसाठी पोटात कप्पा करून आणि सांगाडा भक्कम करून बांधलेले आहे, आणि त्याची एक तुकडी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर २०२२पासून आहे. दाबोळीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या त्या विमानाच्या धडाची रुंदी, सत्तर वर्षांपूर्वी डग्लसवर एका इंचाने मात करण्यासाठी ठरलेली, तीच आहे.