काम आधी, पद नंतर : सातारा-सांगलीतील वन्यजीव क्षेत्रातील नोकरीची पार्श्वभूमी

बारावीचा निकाल लागला की कराड, पाटण, विटा, शिराळा या भागांतील काही मुले-मुली दरवर्षी एकच प्रश्न घेऊन प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे, वनखात्याच्या रेंज ऑफिसात किंवा ओळखीच्या सर्पमित्राकडे जातात : वन्यजीवांसाठी काम करायचे आहे, तर शिकायचे काय आणि नोकरी कुठे मिळेल? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देणारा अडखळतो, कारण या क्षेत्रात काम आणि नोकरी या दोन गोष्टी बरोबरीने कधी आल्याच नाहीत. काम आधी उभे राहिले, कोणीतरी ते पदरमोड करून चालवले, आणि पगारी पद पुष्कळ वर्षांनी, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला की हे टप्प्याटप्प्याने दिसत जाते.

जंगलाशी निगडित पहिली सरकारी नोकरी या भागात आली ती लाकडासाठी. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी सातारा संस्थान खालसा झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील रानेही कंपनीच्या कारभाराखाली आली. १८६४ मध्ये देशभरासाठी वनखाते स्थापन झाले, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाची पद्धत पक्की केली, आणि त्याच वर्षी डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा निघाली. या सगळ्यामागे जहाजांसाठी लागणारा साग आणि रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या लाकडांची गरज होती. वन्य प्राण्यांना त्या व्यवस्थेत शिकारीच्या परवान्यापलीकडे फारशी जागा नव्हती, आणि गावकऱ्यांच्या लेखी गार्ड म्हणजे चराई आणि सरपण अडवणारा माणूस होता.

ही आठवण पुसली गेलेली नाही. १९३० मध्ये शिराळ्याजवळच्या बिळाशी गावात जंगल सत्याग्रह झाला आणि तिथे उभारलेल्या झेंड्याच्या रक्षणासाठी गावातील स्त्रिया पोलिसांपुढे उभ्या राहिल्या. त्या वेळी हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आज त्याच पंचक्रोशीतला तरुण खाकी गणवेश घालून बांधावर उभा राहतो तेव्हा समोरच्या म्हाताऱ्याला तो आपल्या गावचा पोरगा म्हणून आधी दिसत नाही, फॉरेस्टवाला म्हणून दिसतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला हे आधी कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवे.

खात्याबाहेर निव्वळ प्राणी-पक्ष्यांच्या अभ्यासावर पोट भरणे किती कठीण होते, ते डॉ. सलीम अलींच्या आयुष्यात दिसते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये १९२६ साली त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पुढील शिक्षणासाठी ते बर्लिनला जाऊन परतले तोवर पैशांअभावी ते पदच रद्द झाले होते. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेतली जागाही त्यांना मिळाली नव्हती. मग त्यांनी संस्थानिकांना कळवले की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, तुमच्या प्रदेशातील पक्ष्यांचे सर्वेक्षण मी विनावेतन करून देतो. देशाच्या पक्षिशास्त्राचा पाया अशा बिनपगारी वर्षांमध्ये घातला गेला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून अस्तित्वात होती, पण तीही प्रामुख्याने हौशी सभासदांच्या बळावर चालत आली होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला, १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे त्याची पावले उमटली ती १९८५ साली. कोयना आणि चांदोली ही दोन मोठी अभयारण्ये त्याच वर्षी जाहीर झाली, आणि त्यांच्याबरोबर सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरही.

सागरेश्वरबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे. कोयना-चांदोलीचे रान निसर्गाने दिलेले होते; कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचे सागरेश्वरचे डोंगर मात्र उघडेबोडके, कमी पावसाचे. तिथे जंगल उभे राहिले ते माणसांच्या हातांनी, आणि त्या प्रयत्नांमागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची चिकाटी होती. लोकवर्गणी आणि श्रमदान उभे करायचे, सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे, रोपे जगवायची, कुंपण घालून घ्यायचे आणि मग हरणे आणून सोडायची, असा तो क्रम होता. अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे, पण मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याचे नाव देशभर घेतले जाते. मोहिते अण्णांपाशी या कामाची पदवी नव्हती आणि त्यांना त्याचे वेतनही नव्हते. आज तिथे पाणवठे भरणारे, उन्हाळ्याच्या तोंडाला वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणारे, कुंपण तपासणारे जे हात राबतात, त्यांची कामे या एका माणसाच्या हट्टातून निर्माण झाली आहेत. आणि योगायोग असा की सागरेश्वरपासून जवळच, पलूस तालुक्यातील कुंडल येथे, राज्याची वन प्रबोधिनी आहे, जिथे वनाधिकारी प्रशिक्षण घेतात.

२००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अधिसूचित झाला. सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प राज्यातील चौथा आणि सह्याद्रीतील राज्याचा एकमेव. त्याआधी कोयना आणि वारणेच्या धरणांनी गावे उठवली होती, नंतर अभयारण्याने उठवली. पुनर्वसित वसाहतींमध्ये जमिनीचे आणि नागरी सुविधांचे प्रश्न पुढची कित्येक वर्षे रेंगाळत राहिले. ज्याला या प्रकल्पात नोकरी करायची आहे त्याला या वसाहतींमध्ये जाऊन बसावे लागते, आणि तिथे वाघाचे महत्त्व सांगण्याआधी सातबाऱ्याची गोष्ट ऐकून घ्यावी लागते.

व्याघ्र प्रकल्पामुळे पदांचा एक नवा प्रकार आला. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पामधले वाघ संपल्याचे उघड झाल्यावर २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचे व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान ठेवण्याची तरतूद झाली. या प्रतिष्ठानांमार्फत जीवशास्त्रज्ञ, उपजीविका तज्ज्ञ, क्षेत्र सहायक असे लोक कंत्राटावर घेतले जातात. काम कायमचे आणि करार ठरावीक महिन्यांचा, ही विसंगती इथूनच सुरू झाली. पाच-सहा वर्षे जंगल पायाखाली घातलेला माणूस मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहत बसतो, आणि ती आली नाही तर त्याच्याबरोबर त्या रानाची माहितीही निघून जाते.

ठसे पाहून वाघ मोजण्याची जुनी पद्धतही त्याच सुमारास मागे पडली. आता दर चार वर्षांनी देशभर एकाच पद्धतीने अंदाज काढला जातो : वनरक्षक आपल्या बीटमध्ये, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, ठरलेल्या वाटांवर विष्ठा, ओरखडे, ठसे नोंदवत चालतो, आखलेल्या सरळ रेषेवर तृणभक्षी मोजतो आणि जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरा ट्रॅप लावतो. सह्याद्रीत हे काम करणाऱ्याला गवा, भेकर, अस्वल, रानकुत्री भेटतात, शेकरू रोजच दिसते. वाघ मात्र बहुतेकांना दिसलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एक नर वाघ कॅमेऱ्यात आला तेव्हा ती बातमी झाली, एवढा तो दुर्मीळ. पाथरपुंजसारख्या प्रचंड पावसाच्या ठिकाणी जळवा झटकत गस्त घालणारा माणूस न दिसणाऱ्या जनावरासाठी राबत असतो, आणि मला या नोकरीतले हेच सर्वांत आदर वाटण्यासारखे वाटते. धोकाही खरा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात अशाच पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

अभ्यासाची वाट अरुंद आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ ची. तिथला वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा अभ्यासक्रम, दोन्हींकडे जागा मोजक्याच. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती नसेल तर एखाद्या प्रकल्पाच्या पैशांवर, त्या प्रकल्पाच्या मुदतीपुरते काम. दापोलीची वनशास्त्र पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा देणारे आपल्या भागात बरेच आहेत. सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण वन्य प्राण्यांसाठी पूर्णवेळ पशुवैद्यकांची पदे फार थोडी असल्याने तिथून बाहेर पडणारे बहुतेक पदवीधर गाई-म्हशींकडेच वळतात.

खऱ्या अर्थाने गावातल्या मुलांसाठी उघडा असलेला दरवाजा वनरक्षक भरतीचा. बारावीची अट, लेखी परीक्षा, धावणे, आणि शेवटी चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १६ किलोमीटर चालणे. २०२३ च्या भरतीत राज्यभरात दोन हजारांहून थोड्या अधिक जागा होत्या आणि वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून सुरू होत होती. पण निवड झालेला प्रत्येक जण वन्यजीव विभागात जाईलच असे नाही. बहुतेकांच्या वाट्याला प्रादेशिक विभाग येतो, म्हणजे वणवे, अतिक्रमणे, रोपवन, आणि ऊसपट्ट्यात बिबट्या.

काही वर्षांपूर्वी कराड तालुक्यातील एका उसाच्या फडावर मी एक संध्याकाळ काढली होती. तोडणी चालू असताना सरीत बिबट्याची दोन पिल्ले सापडली होती, डोळे नुकते उघडलेली, मांजराच्या पिलांएवढी. वनरक्षकाने आधी टोळीच्या मुकादमाला तेवढा तुकडा सोडून पलीकडे कोयते चालवायला राजी केले, आणि ते सोपे नव्हते, कारण कारखान्याची गाडी भरायची थांबली होती. मग जमलेल्या शे-दीडशे माणसांना, त्यातल्या प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलसह, बांधापलीकडे नेले. डॉक्टरांनी पिल्ले तपासली. अंधार पडताना ती भाजीच्या क्रेटमध्ये, थोडे पाचट घालून, सापडली त्याच जागी ठेवली गेली आणि खुंटाला कॅमेरा बांधला गेला. “पिंजरा का लावत नाही?” असे एक शेतकरी पुन्हापुन्हा विचारत होता, त्याची शेळी महिन्यापूर्वीच गेली होती. वनरक्षक त्याला दादा, दादा म्हणत समजावत राहिला की आईला पिल्ले सापडली नाहीत तर ती पिसाळून वस्तीकडे येईल. रात्री अकराच्या सुमारास मादी आली, एक पिल्लू तोंडात धरून गेली, आणि पाऊण तासाने दुसऱ्यासाठी परत आली. सकाळी वनरक्षकाने पंचनामा लिहिला आणि त्याच शेतकऱ्याच्या शेळीच्या भरपाईचा रखडलेला अर्जही सोबत घेतला.

हे काम असेच करायचे, हे खात्याला नेहमीच ठाऊक होते असे नाही. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याचा मार्ग अवलंबला गेला, तरी हल्ले थांबले नाहीत. विद्या अत्रेय यांच्यासारख्या संशोधकांनी उसाच्या पट्ट्यात बिबट्या कसा राहतो त्याचा अभ्यास केला, आणि २०११ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट स्थलांतर टाळायला सांगितले. एका बाजूला संशोधकाची वही, दुसऱ्या बाजूला गार्डची रात्रपाळी. यातले एक नसते तर दुसरे वाया गेले असते.

सर्पमित्रांची गोष्ट याहून जुनी आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक पिढ्यान्‌पिढ्या निघत होती. १९७२ च्या कायद्याचा आधार घेऊन हे प्रकरण या शतकाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नाग पकडण्यावर बंदी आली. २०२५ मध्ये केंद्राने केवळ पारंपरिक ज्ञान आणि प्रबोधनासाठी मर्यादित परवानगी दिली. नाग हाताळण्याचे कसब ज्या घरांमध्ये होते, त्या घरांतली आणि शेजारपाजारची कितीतरी मुले आज घरात शिरलेला साप धरून रानात सोडण्याचे काम करतात. फोन रात्री दोनला येतो, पेट्रोल स्वतःचे, आणि दंश झाला तर दवाखान्याचा खर्चही बहुधा स्वतःचाच. जिल्ह्याचा मानद वन्यजीव रक्षक हे पदही कायद्याने नेमलेले आणि नावाप्रमाणेच मानद आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि अपघात विमा देण्याची घोषणा केली. घोणस आणि मण्यार पकडणाऱ्या हातांसाठी सरकारने विम्याचा विचार करेपर्यंत वन्यजीव कायद्याला त्रेपन्न वर्षे झाली होती.

कास पठारावर मात्र कामामागून रोजगार येण्याचे चक्र थोडे लवकर फिरले. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास, कोयना आणि चांदोलीही होते. फुलांच्या हंगामात पठाराची राखण, प्रवेश शुल्क, वाहनतळ आणि वाट दाखवणे ही कामे भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे आली, आणि तिथल्या तरुणांना ऑगस्ट ते ऑक्टोबर रोजगार मिळू लागला. बाकीचे नऊ महिने त्यातले बरेच जण मुंबईला किंवा पुण्याला असतात, आणि पाऊस ओसरू लागला की सुट्टी मागून पठारावर परत येतात.