जुना पिकअप विकायचाय? आधी रंगाला हात लावू नका

जुन्या पिकअप तपासून त्यांची किंमत सांगणं आणि त्या विकून देणं हे आमचं काम. आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती येतील?" आणि विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गाडी नुकतीच चकाचक रंगवून आणलेली असते. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी, म्हणजे खरं तर अजून रंगवायला न गेलेल्यांसाठी.

ताजा रंग पाहून जाणकार गिऱ्हाईक खूश होत नाही, सावध होतं. जुन्या पिकअपची किंमत इंजिनापेक्षा पत्र्यावर ठरते. इंजिन उतरवून बांधता येतं; केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि केबिन चॅसिसवर बसते त्या जागा गंजल्या असतील तर कापून जोडकाम करावं लागतं, आणि ते काम वेळखाऊ. वर नवा रंग, आत लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि खाली काळं कोटिंग दिसलं की गंज झाकलाय असंच समोरचा धरून चालतो. तुमच्या मनात तसं काही नसलं तरी.

मग आमचं काम वाढतं. लोहचुंबक फिरवायचा, रंगाची जाडी मोजायची, खालून कोटिंग खरवडून बघायचं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. आकडा हजाराच्या पुढे गेला की खाली लांबी आहे हे सांगायला मेस्त्री लागत नाही. रंगाचा खर्च तुमचा, तो झाकतो काय हे शोधायचा वेळ आमचा, आणि किंमत दोघांच्याही हातून जाते. उलट फिकट पडलेला, कुठेकुठे उडालेला, पण मूळ रंग शाबूत असेल तर त्यासाठी मुद्दाम शोधत येणारे लोक आहेत. गाडी धुवा, आतली अडगळ काढा, टायरमध्ये हवा भरा. बास.

विकावी की ठेवावी, हे आम्ही ठरवू शकत नाही. एवढं मात्र बघा: गाडी उभी राहिली तरी खर्च थांबत नाही. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेकची रबरं सुकतात, ऑइल सील गळू लागतात. वर्षभरात एकदाही बाहेर काढली नसेल आणि पुढच्या वर्षीही काढायचा विचार नसेल, तर आज ती चालू स्थितीत विकणं शहाणपणाचं. वडिलांची म्हणून ठेवायची असेल तर बिनदिक्कत ठेवा. फक्त "भाव चढेल" हे कारण स्वतःला सांगू नका.

किमतीबद्दल दोन गैरसमज रोज भेटतात. पहिला, जाहिरातीतला आकडा म्हणजे भाव. तो मागणाऱ्याचा आकडा. गाडी कितीला गेली हे झालेल्या लिलावांत दिसतं, आम्ही तेच धरतो. दुसरा, बिलांची बेरीज म्हणजे किंमत. दुरुस्तीची बिलं जरूर आणा, त्यांनी विश्वास बसतो, पण घातलेला पैसा तसाच्या तसा परत येत नाही. जुन्या गाड्यांचे भाव काढणाऱ्या हॅगर्टी या अमेरिकी कंपनीच्या चार श्रेणींत (पहिली सर्वांत उत्तम) बसवायचं तर प्रत्येक मालकाच्या लेखी त्याची गाडी दुसऱ्या श्रेणीतली असते. बहुतेक तिसरीत निघतात, आणि तिसरी वाईट नव्हे.

मॉडेलचे बारकावे आम्हाला बघू द्या, कारण फरक तिथेच पडतो. 1956 च्या फोर्ड एफ-100 ला कडेपर्यंत वळलेली पुढची काच आली. त्या पिढीत ती त्याच एका वर्षी मिळते, म्हणून 1955 चा भाव बघून 1956 विकू नका. 1947 ते 1955 च्या शेवरोलेत केबिनच्या मागच्या कोपऱ्यांना काचा असतील तर गिऱ्हाईक वेगळं. 1967 ते 1972 च्या शेवरोले सी-10 मध्ये आखूड हौद्याला (मागची माल ठेवायची जागा) लांब हौद्यापेक्षा जास्त मागणी, त्यामुळे लांब चॅसिस कापून आखूड केलेलेही फिरतात. ते आम्ही मोजून पाहतोच. या सी-10 च्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर कारखान्यातून काय काय बसवून आलं याची कागदी पट्टी असते. साफसफाईच्या भरात ती खरवडू नका!

चॅसिस नंबर 17 अंकी नाही म्हणून घाबरून फोन येतात. 17 अंकी नंबर 1981 पासून आले. त्याआधीचे लहानच असायचे. खरी अडचण वेगळी. काही जुन्या गाड्यांच्या कागदावर इंजिनाचा नंबर चढलेला असतो आणि इंजिन मध्येच कधीतरी बदललेलं असतं. हे गिऱ्हाईक सापडल्यावर नव्हे, आधी निस्तरायचं असतं.

आम्ही तपासणीचे पैसे आधी घेतो, यावर काही जण नाराज होतात. फुकट अंदाज सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे स्वतःच गाडी घेणारे असतात, हे लक्षात असू द्या. आमचा अहवाल लेखी असतो, त्यात गंजाच्या जागा फोटोसकट असतात, आणि तो घेऊन तुम्ही गाडी दुसऱ्या कुणालाही विकू शकता. आमच्यामार्फत विकलीत तर ती रक्कम दलालीतून वळती करतो.

येण्याआधी फोटो पाठवा: चारही बाजू, इंजिन, हौद्याच्या फळ्या, चॅसिस नंबर आणि पोटाखालचे तरी चार. गंज दिसू द्या. काढून ठेवलेले मूळ भाग, म्हणजे जुना कार्ब्युरेटर, चाकांच्या टोप्या, रेडिओ, घरात पडले असतील तर तेही गाडीसोबत आणा. भंगारात घालू नका.